खुराक मिसळला खरा. सारखा मिसळला का?

सांगोल्याकडे माझ्या थोरल्या बहिणीची वस्ती आहे. डाळिंबाची थोडी बाग, बाकी ज्वारी-मका आणि घरखर्चाचा खरा आधार म्हणजे दूध. काही वर्षांपूर्वी तिच्या गोठ्यात सहा गाई होत्या. बाजारातला खुराक महाग पडतो म्हणून ताईने घरीच खुराक करायला घेतला. मक्याचा भरडा ३५ किलो, सरकी पेंड २५, गव्हाचा कोंडा २०, तूर चुनी १६, क्षारमिश्रण २, मीठ १ आणि कोणीतरी सांगितले म्हणून युरिया १ किलो. बेरीज बरोबर १००. वहीत लिहिलेला हा हिशेब पाहिला तर कोणीही नाव ठेवणार नाही.

युरिया घातलेला तो पहिलाच ढीग. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने पोत्याच्या तळाचा खुराक पाटीत झाडून घेतला आणि दावणीतल्या शेवटच्या गाईपुढे टाकला. अर्ध्या-पाऊण तासात ती गाय थरथरू लागली. तोंडाला फेस आला, पोट फुगले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. डॉक्टर मोटरसायकलवरून आले, त्यांनी होते ते सगळे केले. पण गाय हाती लागली नाही. बाकीच्या पाच गाई शांतपणे रवंथ करीत उभ्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो, तेव्हा दाजी ओट्यावर गप्प बसून होते. ताईचा एकच प्रश्न होता, “सगळ्यांनी एकाच ढिगातलं खाल्लं. मग हिलाच का रे झालं?”

रिकामे पोते उलटे करून पाहिले. तळाच्या कोपऱ्यात युरियाचे पांढरे खडे चिकटलेले होते. लहान सुपारीएवढे.

गाय सरासरी खात नाही

माझी काही वर्षे पशुखाद्याच्या कामात गेली आहेत, म्हणून ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. पण ते तिला सांगणे जिवावर आले. वहीतला हिशेब सगळ्या ढिगाचा असतो. गाय मात्र सगळा ढीग खात नाही. ती तिच्यापुढे पडलेली एक पाटी खाते. शंभर किलोत एक किलो युरिया म्हणजे दर किलोला दहा ग्रॅम, ही झाली सरासरी. एका पाटीत दोन ग्रॅम आणि दुसरीत शंभर ग्रॅम पडला तरी सरासरीचा आकडा वहीत जसाच्या तसा राहतो.

आता थोडा हिशेब करून पाहा. युरियाची सवय नसलेल्या जनावराला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. म्हणजे ४०० किलोच्या गाईला १२० ते २०० ग्रॅम. एका वेळच्या दोन किलो खुराकात २० ग्रॅम असायला हवा होता. त्या तळाच्या पाटीत त्याच्या सहा-सात पट गेला, की झालेच. पोटातले सूक्ष्म जंतू युरियाचे अमोनियात रूपांतर करतात. हळूहळू तयार झालेला अमोनिया वापरून तेच जंतू प्रथिने बनवतात, आणि म्हणून तर युरिया देतात. पण एकदम फार अमोनिया झाला तर तो रक्तात उतरतो आणि जनावर दगावते.

म्हणजे दोष वहीतल्या प्रमाणाचा नव्हता, मिसळण्याचा होता. आणि मिसळणे ही अशी गोष्ट आहे, की तिच्याकडे आपण कधी हिशेबाच्या नजरेने पाहतच नाही.

युरिया नसला म्हणजे निर्धास्त, असेही नाही. क्षारमिश्रण नीट मिसळले नाही तर एका गाईला दुप्पट आणि दुसरीला निम्मे जाते. गाय मरत नाही. पण उलटणे, माजावर न येणे, व्याल्यावर अंग टाकणे अशा तक्रारी चालू राहिल्या की आपण औषधे बदलतो, डॉक्टर बदलतो, खुराकाच्या पोत्यात मात्र डोकावत नाही. कोंबड्यांच्या बाबतीत तर हे आणखी नाजूक. पिल्लू दिवसाकाठी चिमूटभर खाद्य खाते. टनभर खाद्यात जीवनसत्त्वे आणि औषधे काही ग्रॅमच्या मापाने पडतात. त्या चिमटीत सगळे काही यायला हवे. नाहीतर एकाच वयाची पिल्ले, एकच खाद्य, आणि महिन्याभरात काही टपोरी तर काही रोडकी.

डोळ्यांवर विसंबू नका

ताई म्हणाली, “मी चारदा फावडं मारलं की रे. डोळ्यांना सगळं सारखंच दिसत होतं.”

तिचे खोटे नव्हते. भरडा पिवळा, कोंडा तांबूस, पेंड काळपट. चार वेळा वरखाली केले की रंग एक होतो आणि आपल्याला वाटते, झाले. पण मीठ, क्षार आणि युरिया हे शंभरात एक-दोन भाग. त्यांचा रंग त्या गर्दीत दिसतच नाही. जिभेवर ठेवून खारटपणा पाहणारेही आहेत. पण जीभ म्हणजे तराजू नव्हे. तिला मीठ आहे एवढे कळते. किती आहे आणि सगळीकडे तेवढेच आहे का, ते कळत नाही.

मग कळायचे कसे? कारखान्यात यासाठी ठरलेली रीत आहे. मिसळलेल्या खाद्यातून दहा ठिकाणचे नमुने घेतात, प्रत्येकातले मीठ मोजतात आणि दहा आकडे एकमेकांपासून किती दूर आहेत ते पाहतात. मीठच का? कारण ते बहुतेक खाद्यांत असते, स्वस्त असते आणि मोजायला सोपे असते. दहा ग्रॅम खाद्य नव्वद मिलिलिटर गरम पाण्यात ढवळून, वरचे पाणी गाळून त्यात क्लोराइड मोजायची पट्टी धरतात. किंवा प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने घालून रंग बदलेपर्यंत मोजतात. मळी किंवा मासळीची कुटी घातलेली असेल तर त्यांतलेही मीठ मापात येते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

आपल्या वस्तीवर ना पट्टी, ना सिल्व्हर नायट्रेट. पण ज्वारी आहे. आणि मोजायला घरची पोरे आहेत.

दहा ताटांची परीक्षा

आठवड्याने मी पुन्हा गेलो, तेव्हा आम्ही ती परीक्षा घेतली. ताईच्या खुराकात ज्वारी नव्हती, म्हणून ज्वारीचे अख्खे दाणेच खूण म्हणून निवडले. आधी हजार दाणे मोजून तोलले. साधारण ३० ग्रॅम भरले. शंभर किलो खुराकात ६०० ग्रॅम ज्वारी, म्हणजे सुमारे वीस हजार दाणे. ते अगदी सारखे पसरले तर अर्ध्या किलोच्या प्रत्येक नमुन्यात शंभराच्या आसपास दाणे यायला हवेत.

मी म्हटले, “ताई, त्या दिवशी जसं केलं होतंस अगदी तसंच कर. युरिया घालू नको, त्याच्या जागी ही ज्वारी घाल.”

तिने ढीग केला, ज्वारी वरून भुरभुरली आणि फावड्याने चारदा वरखाली केले. मग आम्ही ढिगाच्या दहा वेगवेगळ्या जागांवरून, वरून, मधून, बुडातून, कडेने, अर्धा-अर्धा किलो तोलून दहा ताटांत घेतले. भाची तेव्हा बारावीला होती. ती आणि तिचा धाकटा भाऊ चाळणी घेऊन दाणे वेचायला बसले. तासाभराने आकडे आले:

४१, १६८, ७५, १३२, ९६, ५८, १४९, ८३, १२०, ७३.

दाजी उठून जवळ आले. एकेका ताटाकडे बघत म्हणाले, “एकात चाळीस आन् एकात पावणेदोनशे? ह्याला मिसळणं म्हणायचं?”

फरकाचा टक्का असा काढा

दहा आकडे हाती आले, की त्यांचा एक आकडा करावा लागतो. शास्त्रात यासाठी प्रमाण विचलन काढून त्याला सरासरीने भागतात. भाचीच्या गणितात ते होतेच, तिने वहीत काढले. पण ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी सोपी वाट आहे, आणि नमुने दहा असतील तर ती बऱ्यापैकी बरोबर येते:

१. दहा आकड्यांची बेरीज करून दहाने भागा. ही सरासरी.
२. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा करा आणि उरलेल्याला ३ ने भागा.
३. आलेल्या आकड्याला सरासरीने भागून शंभरने गुणा. हा फरकाचा टक्का.

आमच्या ढिगाची सरासरी ९९.५. मोठा १६८, लहान ४१, फरक १२७. भागिले तीन, सुमारे ४२. म्हणजे फरकाचा टक्का ४२ च्या घरात. भाचीने पुस्तकी रीतीने काढला तो साडेएक्केचाळीस आला. सोपी वाट फार चुकत नाही, हे त्यावरून दिसले.

आता ४२ वाईट की बरे, हे कशावरून ठरवायचे? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठाने १९९४ साली मिसळणी यंत्रांच्या परीक्षेविषयी एक पत्रिका काढली. तिच्यातल्या पायऱ्या खाद्य कारखान्यांत आजही वापरतात. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० ते १५ असेल तर चांगला, पण मिसळण्याचा वेळ पाव हिश्शाने वाढवावा. १५ ते २० म्हणजे बेताचा. वेळ दीडपट करावा आणि यंत्र झिजले आहे का, भरताना जास्त भरले जाते का, ते तपासावे. २० च्या वर गेला म्हणजे मिसळणे फसले. ताईचा ढीग त्याच्याही दुप्पट पलीकडे होता.

येथे एक खुबी सांगून ठेवतो. कितीही छान मिसळले तरी दहाही ताटांत नेमके शंभर दाणे कधीच येणार नाहीत. ताटात सरासरी शंभर दाणे असतील तर नुसत्या योगायोगानेच दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. सरासरी पंचवीसच दाणे असतील तर तो वीस टक्क्यांवर जातो, आणि चांगला ढीगही वाईट ठरतो. म्हणून दाणे घालताना कंजूषपणा करू नये. ताटाला शंभर तरी यावेत.

मिसळायची रीत

मग दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने मिसळले. कष्ट थोडे वाढले, पण यंत्र नाही की खर्च नाही.

पहिले काम चाळण्याचे. मीठ, क्षारमिश्रण, जे काही थोडके घालायचे ते चाळून, खडे फोडून घ्यावे. ओल धरलेले मीठ उन्हात वाळवून घ्यावे. खड्याला फावड्याने कितीही फिरवले तरी तो खडाच राहतो.

दुसरे काम थोडक्याला मोठे करण्याचे. शंभर किलोत तीन किलो वस्तू एकदम टाकू नये. मीठ आणि क्षारमिश्रण मिळून तीन किलो, त्यात तीन किलो कोंडा घालून हाताने घमेल्यात चांगले एकजीव करावे. झाले सहा. त्यात आणखी सहा किलो कोंडा. झाले बारा. त्यात पुन्हा बारा, म्हणजे चोवीस. घरात हळदी-मसाल्याचे मोठे प्रमाण करताना बाया हेच करतात. ताईला ते शिकवावे लागले नाही. ज्वारीही आम्ही या वेळी याच घमेल्यात घातली.

तिसरे काम थर देण्याचे. ताडपत्रीवर किंवा गुळगुळीत कोब्यावर आधी भरडा पसरावा, ढीग करू नये. त्यावर तयार केलेल्या मिश्रणाचा पातळ थर, त्यावर पेंड, पुन्हा मिश्रण, त्यावर चुनी. मग एका कडेने फावडे उभे घालून सगळे थर एकदम कापले जातील असे उचलावे आणि बाजूला नवा ढीग करत जावे, प्रत्येक फावडे नव्या ढिगाच्या शेंड्यावर टाकत. सगळा ढीग हलला म्हणजे एक फेरा. असे सहा फेरे. कडेला आणि बुडाला उरलेले झाडून दर फेऱ्यात ढिगावर टाकावे.

पुन्हा दहा ताटे. आकडे आले: १०४, ९२, १११, ९६, ८७, १०९, ९५, १०१, १०६, ९७. मोठ्यातून लहान वजा, २४. भागिले तीन, आठ. सरासरी सुमारे शंभर. फरकाचा टक्का आठ.

भाचीने तो आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिला. कालचा ४२ शेजारी होताच.

परीक्षा गव्हाणीपर्यंत न्या

येथे थांबलो असतो तर निम्मेच काम झाले असते. ढिगात नीट मिसळलेला खुराक वाटेत पुन्हा वेगळा होतो. पोते उंचावरून ओतले की जाड भरडा कडेला घरंगळतो आणि बारीक भुकटी मध्यभागी साठते. पोते गाडीवर हिंदकळत आले की बारीक खाली उतरते, जाड वर येते. मीठ, क्षार बारीक असतात; ते तळाला जातात. म्हणून पोत्याचा तळ एकाच जनावराला कधीही झाडून घालू नये. ताईच्या गाईचा घात नेमका तेथे झाला. खडे फुटलेले नव्हते, आणि ते तळाला जमले होते.

यावर उपाय साधे आहेत. भरडा फार जाड ठेवू नये. बाकीच्या वस्तूंच्या जवळपास बारीक असावा. चार-आठ दिवसांपुरताच खुराक करावा. पोत्यातून घेण्याआधी हाताने खालवर करावे. आणि एकदा तरी दहा नमुने ढिगातून न घेता गव्हाणीत टाकायच्या पाटीतून घ्यावेत. जनावर गव्हाणीत खाते, तेव्हा खरी परीक्षा तिथली.

ज्वारीच्या परीक्षेची मर्यादाही सांगायला हवी. ज्वारीचा दाणा भुकटीसारखा वागत नाही. तो तुमचे फावडे कसे चालते ते सांगतो. मीठ चाळले होते का, ते सांगत नाही. चाळणी ती चाळणीच. ज्यांचा गोठा मोठा आहे किंवा कुक्कुटपालन आहे, त्यांनी वर्षातून एकदा मिठाची परीक्षाही करवून घ्यावी. दहा नमुने दहा वेगळ्या पिशव्यांत, क्रमांक घालून न्यावेत. सगळे एका पिशवीत घातले तर प्रयोगशाळा पुन्हा सरासरीच सांगेल! शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; तिथल्या पशुपोषण विभागात विचारणा करता येते.

यंत्र असेल तर

आता गावोगाव भरडायंत्राला जोडलेली मिसळणी यंत्रे आली आहेत. यंत्र आले म्हणजे काळजी गेली, असे समजू नये. आडव्या पट्टीच्या यंत्राला बहुधा तीन ते पाच मिनिटे लागतात, मध्ये मळसूत्र असलेल्या उभ्या यंत्राला दहा ते पंधरा. हा वेळ शेवटची वस्तू आत पडल्यानंतर मोजायचा; पहिले पोते ओतल्यापासून नव्हे. आधी भरडा, मग थोडक्या वस्तू कोंड्यात मिसळून, आणि मळी किंवा तेल सर्वांत शेवटी. पट्टी बुडेल इतके भरू नये. निम्म्याहून कमीही नको. पट्टी झिजली, तिच्यावर मळीचा थर बसला किंवा दांड्याला पोत्याची सुतळी गुंडाळली, की कालचे चांगले यंत्र आज लबाडी करते. म्हणून दहा ताटांची परीक्षा यंत्रालाही वर्षातून दोनदा द्यावी.

युरियाचे काय?

ताईने युरिया बंद केला तो कायमचा. माझाही सल्ला तोच आहे. ज्याच्याकडे बारीक तोलायचा काटा नाही आणि फरकाचा टक्का माहीत नाही, त्याने घरच्या खुराकात युरिया घालू नये. ज्यांना घालायचाच आहे त्यांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने, खुराकात एक टक्क्याच्या आत आणि हळूहळू सवय लावून घालावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तर मुळीच नको. शेतासाठीच्या युरियाला २०१५ साली कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. तो माल पिकासाठी आहे, गव्हाणीसाठी नव्हे. खाल्ल्यानंतर जनावर थरथरले, फेसाळले, फुगले तर उरलेला खुराक ताबडतोब पुढून काढावा, डॉक्टरांना बोलवावे आणि खुराकात युरिया होता हे पहिल्याच वाक्यात सांगावे. तेवढ्याने त्यांची मोलाची मिनिटे वाचतात.

गेल्या दिवाळीला वस्तीवर गेलो होतो. गोठ्यात आता नऊ गाई आहेत. भाची लग्न होऊन सासरी गेली. पण भिंतीवर खडूचे आकडे आहेत. ४२ आणि ८ पुसट झालेत, त्यांच्याखाली ११, ९, ७ असे नवे आकडे लिहिलेले दिसले. मी दाजींना विचारले, “हे कोण मोजतं आता?”

“तुझी ताईच की,” ते म्हणाले. “दर पोळ्याला अन् दर पाडव्याला दहा ताटं मांडते. त्या दिवशी आम्हाला जेवायला उशीर होतो, पण कोणी काही बोलत नाही.”